डमी केक घरी करायचा तर कशाचा? थर्माकोल, पुठ्ठा की पालथा टिन

सजावटीचा हात बसायला तेच तेच दहा वेळा करावं लागतं. दर वेळी खरा केक भाजायचा म्हटलं तर निम्मा वेळ ओव्हनपाशीच जातो, म्हणून डमी, म्हणजे सरावासाठीचा खोटा केक हवा. घरच्या घरी होणारे तीन प्रकार मी वापरले आहेत. कोणता घ्यायचा हे तुम्हाला हात कशावर बसवायचाय यावर ठरतं: नोझलची (क्रीमच्या पिशवीला लावायच्या टोकाची) नक्षी, क्रीमच्या सरळ बाजू की फॉन्डंट (केकवर चढवायची साखरेची लाटलेली पोळी)?

नुसती नक्षी शिकायची असेल तर काहीच बनवू नका. केकचा रिकामा टिन टर्नटेबलवर (केक ठेवायच्या फिरत्या पाटावर) पालथा घाला, घसरू नये म्हणून खाली ओलं फडकं ठेवा आणि सुरू करा. शेल (शिंपल्यासारखी नक्षी), रोझेट (गोल फूल), वेल काढा, खरवडा, क्रीम पुन्हा पिशवीत भरा. धातू काही शोषत नाही, त्यामुळे तेच क्रीम कितीतरी वेळा चालतं. सरावाचं क्रीम बटरऐवजी वनस्पती तूप आणि आयसिंग शुगरचं करा, ते हाताच्या उबेनं लवकर ढिलं पडत नाही. पण बाजू गुळगुळीत करायला टिन कामाचा नाही. टिनाचा दुमडलेला काठ पालथा घातल्यावर तळाशी येतो, स्क्रॅपर (क्रीम सपाट करायची पट्टी) त्यावर अडखळतो आणि बाजूला सपाट टेकतच नाही.

पुठ्ठ्याबद्दल माझं मत फारसं चांगलं नाही. 5 मिलिमीटर जाडीच्या पुठ्ठ्यातून 4 इंच उंची गाठायला वीसेक चकत्या कापाव्या लागतात, आणि त्या कितीही जपून कापल्या तरी कड दातेरी होते. वरून क्लिंग फिल्म गुंडाळली नाही तर पुठ्ठा क्रीममधलं पाणी पितो, फुगतो. गुंडाळली तर तिच्या सुरकुत्या पातळ थरातून दिसतात. अंक किंवा अक्षराच्या आकाराचा केक करण्याआधी मापाचा अंदाज घ्यायला मात्र पुठ्ठा छान, कारण कात्रीनं हवा तो आकार निघतो.

राहिला थर्माकोल. फॉन्डंट आणि सरळ बाजू, दोन्हींसाठी मी हाच घ्यायला सांगेन. तो घेताना बोटानं दाबून बघा. सहज खड्डा पडला तर तो पोकळ दाण्यांचा आहे, कापताना भुगा होईल. घट्ट घ्या. 2 इंच जाडीच्या दोन चकत्या एकावर एक चिकटवल्या की नेहमीची 4 इंच उंची मिळते. लांब पात्याच्या कटरनं एका झटक्यात आरपार कापू नका, हलक्या हातानं त्याच रेघेवरून चार-पाच वेळा फिरवा. चिकटवायला पांढरा डिंक वापरा आणि वर वजन ठेवून दिवसभर हात लावू नका, कारण दोन चकत्यांच्या मध्ये हवा पोचत नाही आणि डिंक फार सावकाश वाळतो. ग्लू गन खूप तापली तर थर्माकोलला खळगा पाडते. एकदा घाईत मी उघड्या डमीवर स्प्रेचा रंग मारला. बघता बघता कड आत ओढली गेली, मऊ मेणासारखी, आणि वर जाळी पडली. रंगातलं द्रावण थर्माकोल विरघळवतं. तेव्हापासून आधी आयसिंग, मग रंग, हा क्रम मी मोडलेला नाही.

एक काम टाळू नका: वरची कड बारीक पॉलिश पेपरनं 3-4 मिलिमीटर गोल करून घ्या. धारदार कडेवर फॉन्डंट हमखास फाटतो आणि नवशिक्याला वाटतं आपलंच मळणं चुकलं. भुगा अंगाला, कपड्यांना चिकटून बसतो, म्हणून हे बाहेर आणि तोंडाला मास्क लावून करा. मग ओल्या फडक्यानं पुसून घ्या, वनस्पती तुपाचा अगदी पातळ हात फिरवा आणि फॉन्डंट चढवा. 8 इंची डमीला वरचे 8 आणि दोन्ही बाजूंचे 4-4 मिळून 16 इंच लागतात, म्हणून पोळी 18 इंचांची लाटा. डमी इतका हलका असतो की स्क्रॅपरच्या धक्क्यानं सरकतो. त्याला डबल टेपनं बोर्डवर पक्का बसवा.

तिन्हींपैकी एकही डमी चुरा पडणं शिकवत नाही. खऱ्या केकवर पहिला हात फिरवला की तुकडे क्रीममध्ये येतात, जोर जास्त झाला तर केक दबतो, फॉन्डंटच्या वजनानं बाजू फुगते. म्हणून चार-पाच डमी झाले की एक साधा केक भाजा, गार करा आणि त्यावर फक्त क्रम्ब कोटच (चुरा धरून ठेवणारा क्रीमचा पहिला पातळ थर) द्या. डमीवर जो जोर बरोबर वाटत होता तो इथे जास्त होतोय, हे पहिल्याच फेऱ्यात हाताला कळतं.

थर्माकोलवरून खरवडलेलं क्रीम सरावाच्याच डब्यात ठेवा आणि डब्यावर तसं लिहा, नाहीतर घरातलं कुणीतरी चमचा घेऊन येतंच.