मीटरच्या काचेतली वाफ: ब्रीदर पॅच लावून काढलेला एक कोकणी पावसाळा

गाडी दीडशे सीसीची, चार वर्षं जुनी, मीटर पूर्ण डिजिटल. राहतो चिपळूणला, नोकरी लोट्याच्या एमआयडीसीत. म्हणजे मिरग लागला की रोज परशुराम घाट, जाताना भिजायचं आणि येताना परत भिजायचं. गाडीच्या कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण आमच्या पार्किंगमध्ये सगळ्या कंपन्यांच्या गाड्यांची मीटरं पावसाळ्यात सारखीच आंधळी होतात.

मेच्या अखेरीला मीटर उतरवून उघडलं, वाळवलं, गॅस्केटला, म्हणजे सांधा बंद करणाऱ्या रबरी पट्टीला, नवीन सिलिकॉन लावलं आणि मागच्या ब्रीदरवर, म्हणजे मीटरला श्वास घ्यायला दिलेल्या बारीक भोकावर, पाणी अडवणारा पॅच चिकटवला. आता फेब्रुवारी आहे. पावसाळा, ऑक्टोबरची काहिली आणि थंडीतलं दव, तिन्ही पाहून झालं. काम झालं आहे, पण शंभर टक्के नाही. ज्यांना काच बारा महिने आरशासारखी हवी आहे त्यांची निराशा होईल.

आधी एक फरक समजून घ्या, नाहीतर पैसे भलत्याच ठिकाणी जातील. पातळ धुरकट थर आणि ओघळणारे थेंब ही दोन वेगळी दुखणी आहेत. मीटरची पोकळी साधारण अर्ध्या लिटरची धरा. पावसाळ्यातल्या 30 अंशांच्या ओथंबलेल्या हवेत तेवढ्या जागेत वाफ मावते सुमारे 15 मिलिग्रॅम. रात्री 24 अंश झाले की त्यातली चारेक मिलिग्रॅम काचेवर बसते. पाण्याचा एक थेंबच 50 मिलिग्रॅमच्या आसपास भरतो. तेव्हा काचेच्या खालच्या कडेला पाण्याची रेघ उभी दिसत असेल, तर ती नुसत्या अडकलेल्या हवेतून आलेली नाही. पाणी बाहेरून आत आलंय.

ते येतं कसं, हे कळल्यावर मला गंमत वाटली. 2017 च्या एप्रिलपासून नव्या दुचाकींचा हेडलाइट कायम चालू असतो. माझ्या गाडीत 35 वॅटचा हॅलोजन मीटरच्या अगदी खाली बसलाय. मीटर तापतं, आतली हवा फुगते, थोडी बाहेर जाते. मग घाटात सर येते आणि काच एकदम गार पडते. 45 अंशांवरून 25 वर आलेली हवा सहा टक्क्यांनी आकसते. अर्ध्या लिटरमागे 30 मिलिलिटर, म्हणजे दोन मोठे चमचे. तेवढी जागा भरायला मीटर बाहेरून ओढून घेतं. ज्या फटीवर त्या वेळी हवा असेल तिथून हवा येते, पाणी साचलेलं असेल तर पाणी येतं. वायरचा जुडगा जिथून आत जातो त्या रबरी ग्रोमेटवर नेमकं पाणी साचलेलं असतं.

कंपनीला हे माहीत असतं. म्हणून माझ्या मीटरच्या मागच्या झाकणाला, तळाशी, टाचणीच्या डोक्याएवढं भोक दिलेलं आहे. तोच ब्रीदर. माझ्याकडे तो घाटातल्या लाल चिखलाने गच्च बुजला होता, त्यामुळे मीटर ग्रोमेटमधून श्वास घेत होतं.

आमच्याकडे गॅरेजात यावर एकच औषध: सगळीकडून सिलिकॉन. शेजारच्या मुलाच्या गाडीला मिस्त्रींनी ब्रीदरसकट सगळं लिंपून दिलं. "दादा, आता मुंगी पण शिरणार नाही," म्हणाले. मुंगी शिरली नाही, पण गणपतीपर्यंत आत पाणी उभं राहिलं, कारण कितीही लिंपलं तरी वायरच्या तारा आणि त्यांचं कव्हर यांच्यामधून ओढलं जातंच. शिवाय आता बाहेर पडायला वाट नाही. वर त्यांनी जे सिलिकॉन वापरलं त्याला व्हिनेगरसारखा आंबट वास होता. ते सुकताना असिटिक आम्ल सोडतं आणि तांब्याला हिरवं करतं. माशांच्या काचेच्या टाकीला ठीक, सर्किट असलेल्या डब्यात नको. दुकानात "न्यूट्रल क्युअर" असं स्पष्ट मागा. नळीवर लिहिलेलं असतं. फेविक्विकचं तर नावच काढू नका, त्याच्या वाफेने आतली पारदर्शक काच पांढरी पडते आणि ते डाग जात नाहीत.

पॅच म्हणजे काय, तर गोल टिकलीएवढा पांढरा पडदा, कडेने गोंद. विस्तारित पीटीएफईचा, म्हणजे ज्या जातीच्या पडद्यापासून महागडे रेनकोट करतात तोच. त्याची भोकं इतकी बारीक की पाण्याचा थेंब अडतो आणि हवा, वाफ आरपार जाते. ऑनलाइन पाकिटात बऱ्याच टिकल्या येतात, एक लागते, उरलेल्या मित्रांना वाटल्या. सिलिकॉनची नळी धरून सगळा खर्च पाचशेच्या आत.

लावताना झाकण सपाट आणि कोरडं हवं, पडद्याला बोट लागता कामा नये, भोक आधी टाचणीने मोकळं करून घ्यायचं. यात अवघड काही नाही. खरी मेहनत वाळवण्यात आहे. हेअर ड्रायरचा मोह होतो, पण जास्त गरम झालं की एलसीडी काळी पडते आणि तिच्यावरचा पोलरायझर (ज्यामुळे आकडे दिसतात तो पातळ पापुद्रा) कायमचा बिघडू शकतो. मी उघडं मीटर रात्रभर तांदळाच्या नव्हे, सिलिका जेलच्या डब्यात ठेवलं. तांदळाचं भूत मोबाइलवाल्यांनी पसरवलंय.

आणि बंद केलं ते भावाच्या एसीच्या खोलीत. वहिनीने "गाडीपण आता एसीत झोपणार का" म्हणून घेतलं, पण कारण पक्कं आहे. झाकण लावताना जी हवा असते तीच आत कोंडली जाते. मे महिन्यातली चिपळूणची हवा आणि 24 अंशांच्या खोलीतली 50 टक्के आर्द्रतेची हवा यांत मोठा फरक आहे: दुसरीतून दव पडायला काच 13 अंशांपर्यंत गार व्हावी लागते. पॅचमधून हवा बदलत राहते म्हणून हा फायदा काही दिवसांचाच, पण सिलिकॉन नीट सुकेपर्यंत तो उपयोगी पडला.

जून-जुलैत एकदाही थेंब ओघळला नाही. माझ्यासाठी पैसे तिथेच वसूल. रात्रभर उघड्यावर उभ्या असलेल्या गाडीच्या काचेवर सकाळी वरच्या कोपऱ्यात पुसट थर यायचा; लोट्याला पोचेपर्यंत तो जायचा. आधी हाच थर दुपारपर्यंत हलत नसे आणि वेग किती, पेट्रोल किती, सगळा अंदाजपंचे कारभार चाले. पडदा वाफ दोन्हीकडे जाऊ देतो, त्यामुळे बाहेर दमट असेल तर आतही थोडं दमट राहणारच. जुन्या गाड्यांच्या मीटरमध्ये दोन-तीन वॅटचा बल्ब असायचा, त्याची ऊब मिळायची. एलईडीत ती नाही.

मीटरमध्ये सिलिका जेलची पुडी टाकून बंद करणारेही बरेच आहेत. पूर्ण बंद डब्यात ती काही दिवस काम करते, मग भरते. भरलेली पुडी उन्हात तापली की घेतलेली ओल परत सोडते आणि काच आधीपेक्षा जास्त धुरकटते. ब्रीदर उघडा असलेल्या मीटरमध्ये तर ती पुडी अख्ख्या कोकणाची हवा वाळवायला बसवल्यासारखी आहे. मी टाकली नाही.

नापसंत गोष्ट एकच, ती म्हणजे या पडद्याला साबण सोसत नाही. शॅम्पूचा फेस किंवा चेन ल्यूबचा फवारा बसला की त्याचा पाणी अडवण्याचा गुण जातो. सर्व्हिसिंगला टाकताना "मीटरवर फोम नको, प्रेशर गन पण नको" असं दर वेळी सांगावं लागतं, आणि धुणारा पोरगा मान डोलावून तेच करतो. मीटर आयपी 67 या पाणी-धूळ रोखण्याच्या दर्जाचं असलं तरी ती चाचणी एक मीटर पाण्यात अर्धा तास बुडवण्याची आहे, जवळून मारलेल्या प्रेशर गनची नाही. त्यामुळे आता मी धुताना शेजारी उभा राहतो, किंवा मीटरवर दुधाची पिशवी रबराने बांधून देतो. दिवाळीनंतर पॅच काढून नवीन लावला, जुना तेलकट दिसत होता म्हणून.

गाडी वॉरंटीत असेल तर स्क्रू ड्रायव्हर हातात घेऊ नका, थेंब दिसताक्षणी फोटो काढून सर्व्हिस सेंटरला दाखवा. काही मीटरांची काच कारखान्यातच वेल्ड केलेली असते, ती उघडताना फुटते. मागे स्क्रू नसतील तर फक्त ब्रीदर शोधून टाचणीने साफ करा आणि वर पॅच लावा. बॅटरीची वायर काढण्याआधी ओडोमीटरचा फोटोही काढून ठेवा. पुढे गाडी विकताना मीटर उघडल्याच्या खुणा गिऱ्हाइकाला दिसतात आणि किलोमीटर मागे फिरवले असा संशय येतो.