साताऱ्यातलं स्पोर्ट्सचं दुकान, काउंटरच्या आतून

दुकानाचं नाव मुद्दाम लिहीत नाही. जे सांगणार आहे ते कुठल्याही स्पोर्ट्सच्या दुकानात उभं राहून तुम्हाला स्वतः तपासता येईल, आणि तेवढं व्हावं एवढीच माझी इच्छा आहे. मी तिथं काउंटरला होते. शाळा-कॉलेजात कबड्डी खेळलेय, त्यामुळं कुणाला कुठली नी-कॅप बसेल हे बघूनच कळतं. काम मनापासून आवडायचं. तरीही या दुकानाला मी एकच स्टार देते, आणि तोही गटिंगवाल्या मामांसाठी.

मामांबद्दल आधी लिहिते, कारण ते खरं आहे आणि लोकांना उपयोगाचं आहे. बॅडमिंटनच्या रॅकेटचं गटिंग, म्हणजे जाळीची तार ताणून बसवणं, त्यांच्यासारखं मी कुठं बघितलं नाही. दहा-बारा वर्षांचं पोरगं येऊन म्हणतं, अठ्ठावीस पौंड ताणा, मोठे खेळाडू तसंच खेळतात. मामा त्याच्या हातात रॅकेट देतात, दोन-तीनदा फिरवायला लावतात आणि सांगतात, "बाळा, तुला बावीस बास. शटल मागच्या रेषेपर्यंत जायला लागलं की ये, मग वाढवू." जास्त ताण देऊन गट लवकर तुटला असता तर दुकानाचा धंदाच झाला असता. मामांनी कधी तसं केलं नाही. शेठनी एकदा बोलून दाखवलं तेव्हाही नाही.

आता गोळ्याचं.

पोलीस शिपाई भरतीत मैदानी चाचणी ५० गुणांची असते. मुलांना १६०० मीटर आणि १०० मीटर धावणं आणि गोळाफेक. त्यातले १५ गुण गोळ्याचे. मुलांचा गोळा ७.२६ किलोचा, मुलींचा ४ किलोचा. भरतीची जाहिरात निघाली की माण, खटाव, कोरेगावकडची पोरं एसटीनं साताऱ्याला येतात. चौघं-पाचजण वर्गणी काढून एक गोळा घेतात आणि गावाकडं माळावर सराव करतात. एकेका गुणासाठी कितीजण रांगेत असतात ते आपल्याकडच्या प्रत्येक घराला माहीत आहे.

आमच्याकडं गोळे पोत्यातून यायचे. नुसता लाल रंग, त्यावर आकडा नाही. मागच्या खोलीत एक पोरगा बसवलेला असायचा, तो बारीक ब्रशनं पांढऱ्या पेंटमध्ये '७.२६' लिहायचा. खरेदीच्या बिलावर फक्त 'प्रॅक्टिस गोळा' असं असायचं, वजनाचा पत्ता नाही. एक दिवस खटावकडचा एक मुलगा परत आला. गोळा बदलून द्या म्हणत नव्हता, नुसतं विचारत होता. "ताई, मैदानावरचा गोळा लय जड लागला ओ. घरी तर बरोबर जायचा. माझंच काय चुकलं का?"

त्याचा गोळा घेऊन मी शेजारच्या किराणा दुकानात गेले. इलेक्ट्रॉनिक काट्यावर ठेवला. सहा किलो आठशे नव्वद ग्रॅम. दुकानातले आणखी दोन नेऊन बघितले, एक त्याहून हलका निघाला. साडेतीनशे-चारशे ग्रॅम म्हणजे कांद्या-बटाट्यात काहीच नाही, पण गोळाफेकीत आहे. पाय कधी वळवायचा, खांदा कधी उघडायचा, मनगटानं शेवटचा झटका कधी द्यायचा, हे सगळं शरीर त्या एका वजनावर बसवत असतं. महिनोन्महिने हलक्या गोळ्यावर बसलेली लय मैदानावर खरा गोळा हातात आला की मोडते, आणि तिथं पुन्हा बसवायला वेळ नसतो. त्या मुलाचं काहीही चुकलं नव्हतं. मी त्याला काट्यावरचा आकडा दाखवला.

शेठना सांगितलं तर म्हणाले, "अगं, पोरं काय तराजू घेऊन येतात का? आणि तो सरावाचाच गोळा आहे, फेकायलाच पाहिजे ना?" त्यांना राग आला नव्हता, हेच मला जास्त लागलं. ही गोष्ट त्यांच्या दृष्टीनं बोलण्यासारखीच नव्हती. दुकानात भिंतीवर खाशाबा जाधवांचा फोटो आहे. कऱ्हाडजवळच्या गोळेश्वरचा हा माणूस पैसे गोळा करून हेलसिंकीला गेला आणि १९५२ साली स्वतंत्र भारताला वैयक्तिक खेळातलं पहिलं ऑलिंपिक पदक मिळवून दिलं. वर्गणीच्या पैशाला काय मोल असतं हे या जिल्ह्यात तरी कुणाला समजावून सांगायला नको होतं.

बुटांची गोष्ट वेगळी नाही. २०१२ पासून साताऱ्यात हिल मॅरेथॉन होते. यवतेश्वरचा घाट चढणारे लोक वाढले तसे रनिंग शूजचं गिऱ्हाईकही वाढलं. शोकेसमध्ये अस्सल माल आणि त्याच रांगेत फर्स्ट कॉपी, म्हणजे हुबेहूब नक्कल, किंमत शे-दोनशेनं कमी, म्हणजे गिऱ्हाइकाला वाटावं सूट मिळाली. ओळखायची एक साधी खूण सांगते. बुटाच्या जिभेच्या आत शिवलेल्या लेबलावर मॉडेलचा नंबर असतो आणि खोक्यावरच्या स्टिकरवरही असतो. दोन्ही जुळले पाहिजेत. जुळले म्हणून माल अस्सलच असं नाही, पण जुळले नाहीत तर बूट पायात घालूसुद्धा नका. घाट उतरताना कच्च्या सोलचा बूट गुडघ्यावर काय करतो हे मी लोकांच्या तोंडून ऐकलंय.

२२ सप्टेंबर २०२५ पासून अडीच हजारांपर्यंतच्या चपला-बुटांवरचा जीएसटी पाच टक्क्यांवर आला. त्याआधी हजाराच्या वरच्या जोडीला अठरा टक्के होता. म्हणजे १,७७० छापील किमतीच्या बुटात मूळ किंमत १,५०० आणि कर २७०. नव्या दरानं कर ७५, बूट १,५७५ ला. जोडीमागं १९५ रुपये गिऱ्हाइकाचे. कंपनीकडून नव्या किमतींची यादी आली, ती ड्रॉवरमध्ये गेली. आम्हाला सांगितलं, छापील किंमत दाखवा आणि त्यावर 'खास दहा टक्के सूट' सांगा. १,७७० वर दहा टक्के सूट म्हणजे १,५९३, नव्या किमतीपेक्षा १८ रुपये जास्तच. गिऱ्हाईक आभार मानून जायचं, मला मान वर करवत नव्हती.

बिल तर मागितल्याशिवाय मिळत नाही. मागितलं तर कच्ची चिठ्ठी, आणि तिच्यावर शिक्का: 'विकलेला माल परत घेतला जाणार नाही.' २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात बिल न देणं ही अनुचित व्यापारी प्रथा आहे. सदोष माल परत न घेणं हीसुद्धा. बिलावर मुदत लिहिलेली नसेल तर ३० दिवसांच्या आत परत घेतलाच पाहिजे. हे सांगायला वकील लागत नाही. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर १९१५ आहे, फोन करून मराठीतही बोलता येतं.

२०२३ मध्ये आपल्या साताऱ्याची आदिती स्वामी बर्लिनला तिरंदाजीत जगज्जेती झाली, तेव्हा आया आपल्या लेकींना घेऊन धनुष्य विचारायला यायच्या. ती कंपाउंड, म्हणजे टोकांना चाकं असलेल्या धनुष्यानं खेळते. आमच्याकडं होती ती खेळण्यातली, बांबूची. ती 'अकॅडमीत हीच चालते' म्हणून विकायची होती. मी प्रत्येकीला सांगायचे, काकू, आधी कोचना भेटा, धनुष्य नंतर घ्या. एकही धनुष्य माझ्या हातून गेलं नाही.

नोकरी म्हणून हे दुकान कसं आहे ते थोडक्यात. सकाळी साडेनऊला शटर, रात्री साडेनऊला बंद, बसायला स्टूल नाही. मॅरेथॉनच्या आधीच्या आठवड्यांत सुट्टी नाही, ओव्हरटाइम नाही. पहिल्या पगारातला अर्धा 'डिपॉझिट' म्हणून ठेवून घेतात. महिन्याअखेर मालाची मोजणी होते आणि जे कमी भरेल ते सगळ्यांच्या पगारातून सारखं कापतात. मामांच्याही, ज्यांचा त्या मालाशी संबंध नाही. नुकसान कुणाच्या हयगयीनं झालं ते दाखवल्याशिवाय आणि त्या माणसाला त्याचं म्हणणं मांडू दिल्याशिवाय पगार कापता येत नाही. हे आम्हाला कुणी सांगितलं नव्हतं, मी वाचून काढलं. तिथं काम धरणार असाल तर पगाराचा आकडा, सुट्टी आणि कपात कागदावर घ्या. नाही म्हणाले तर धरू नका.

गोळ्यांच्या दिवसानंतर मी गोळा विकण्याआधी पोरांना सांगायला लागले, "शेजारी काटा आहे, आधी वजन करून ये." आठवड्याभरात किराणावाले काका हसून विचारायला लागले, आज किती? शेठनी मला काउंटरवरून काढून गोदामात टाकलं. मग मी सोडलं. पगार अडकवला, डिपॉझिटही. मी प्रत्येक महिन्याच्या कपातीचा हिशेब वहीत लिहिलेला होता. त्याच्यावरून कामगार अधिकाऱ्यांच्या नावानं अर्ज लिहिला, दोन प्रती काढल्या आणि द्यायला जाण्याआधी एक शेठच्या काउंटरवर ठेवली. पगार आणि डिपॉझिट मिळालं. कपातीचे पैसे अजून बाकी आहेत, त्यासाठी अर्ज आता दिलाय.

गोळ्यावर अजूनही पांढऱ्या पेंटनं ७.२६ लिहिलं जातं, असं मामा सांगतात. तेव्हा भरतीच्या पोरांनो, कुठल्याही दुकानातून गोळा घ्या, पण पैसे देण्याआधी काट्यावर ठेवा. बिलावर '७.२६ किलो' असं लिहून घ्या, तारीख आणि सही-शिक्क्यासह. आधीच घेतलेला असेल तर आजच गावातल्या दुकानात वजन करून बघा. हलका निघाला तर बिल नसलं तरी पैसे दिल्याचा फोनवरचा मेसेज पुरावा म्हणून जपून ठेवा आणि १९१५ ला फोन लावा.