पळालेला राजपुत्र आणि त्याची शिंपीण

जेन वांगचं ‘द प्रिन्स अँड द ड्रेसमेकर’ (२०१८) हे चित्रकादंबरीच्या रूपातलं पुस्तक एका बैठकीत संपतं. मी मात्र तीनदा वाचलं, आणि तिसऱ्यांदा फक्त कपडे बघत.

मी स्वतः शिवते, त्यामुळे यातली शिंपीण फ्रान्सेस मला पहिल्याच पानांत आवडली. राजपुत्राच्या वाढदिवसाच्या मेजवानीसाठी एका मुलीला मुद्दाम भयंकर दिसायचं असतं. फ्रान्सेस तिला तसाच पोशाख शिवून देते आणि त्यापायी नोकरी गमावते. पण तो पोशाख कुणाला तरी फार आवडलेला असतो. त्या गुप्त गिऱ्हाइकाकडे ती कामाला लागते, आणि ते निघतं खुद्द राजपुत्र सेबॅस्टियन. सोळा वर्षांचा, आईवडील लग्नासाठी मुली बघतायत, आणि रात्री हा फ्रान्सेसने शिवलेले झगे घालून लेडी क्रिस्टालिया म्हणून पॅरिसमध्ये मिरवतो. पुस्तकात जादूटोणा नाही, ड्रॅगन नाहीत, तरी बांधणी अस्सल परीकथेची आहे.

सेबॅस्टियनवर लेखिका कुठलाच शिक्का मारत नाही. काही दिवस आरशात दिसणारा राजपुत्र त्याला आपलाच वाटतो, काही दिवस आपण राजकन्या आहोत असं वाटतं, एवढंच तो सांगतो. हे मराठीत लिहिताना मी अडखळले. इंग्रजीत ‘मी’ म्हणून निभावून जातं, आपल्याकडे ‘मी निघालो’ की ‘मी निघाले’ हे प्रत्येक वाक्यात ठरवावं लागतं. उद्या कुणी अनुवाद केलाच, तर क्रिस्टालियाच्या तोंडी बिनधास्त ‘निघाले’ यावं.

प्रेमकथा इथे मापं घेताना, टाचण्या लावताना फुलते. फ्रान्सेस त्याच्या अंगाला काय शोभेल याचा विचार करते, त्याच्या अंगात काय खोट आहे याचा नाही. त्यामुळेच दोघांमधलं भांडण जिव्हारी लागतं. त्याचं गुपित राखायचं तर तिचं नाव कायम झाकलेलं राहणार. या बाबतीत मी पूर्णपणे फ्रान्सेसच्या बाजूने आहे. प्रेम आहे म्हणून कुणी आपलं काम बिननावाचं का ठेवावं?

पुढे शेवटाबद्दल लिहिते आहे, वाचायचं असेल तर इथेच थांबा.

क्रिस्टालिया बेसावध असताना तिचं गुपित सगळ्यांसमोर उघडं पाडलं जातं, आणि सेबॅस्टियन राजवाडा सोडून मठात निघून जातो. हे पळणं मला फार खरं वाटलं. त्याला लपायचं नाही, आपल्यामुळे इतरांना होणारी लाज संपवायची आहे. मठातली पानं मात्र फारच थोडी आहेत. तिथल्या शांततेत अजून राहायला हवं होतं. त्यानंतर सगळं घाईघाईने जुळतं, घेर नीट न मोजता कंबरपट्टी लावावी तसं.

आणि तरीही, मुलावर हसू पाहणाऱ्या लोकांसमोर राजा स्वतः झगा घालून चालत येतो, त्या पानावर मी तिन्ही वेळा रडले. या पुस्तकाला २०१९ मध्ये किशोरवयीनांसाठीच्या पुस्तकांचा आयझनर पुरस्कार (कॉमिक्स आणि चित्रकादंबऱ्यांसाठीचा अमेरिकी पुरस्कार) मिळाला. मी तर म्हणेन, किशोरांच्या आधी ते त्यांच्या वडिलांच्या हातात द्या, आणि राजाचं ते पान येईपर्यंत शेजारी बसून राहा.