सात महिने, एक कराटे गी आणि मियानीचा तुकडा

कंपनीचं नाव लिहीत नाही, दुकानदाराशी वाद अजून मिटलेला नाही. गी म्हणजे कराटेचा पोशाख. माझा बारा औंस वजनाच्या जाड पांढऱ्या कॅनव्हासचा, कातासाठीचा (काता म्हणजे ठरलेल्या हालचालींची मालिका), किंमत ६,८०० रुपये. बाकी माहिती घेणाऱ्यांना ठाऊक असतेच.

एवढे पैसे घालायचं कारण सांगते. आमच्या वर्गात मिळतो तो नऊशेचा पॉलिकॉटनचा गी मी दोन वर्षं वापरला. बेल्टच्या परीक्षेत हेयान योंदान ही काता करताना योको गेरीला, म्हणजे बाजूच्या किकला, पाय वर गेला आणि पँट आसनात, दोन पायांच्या मधे, फाटली. काता पूर्ण केली, पास झाले, पण घरी येताना ठरवलं की आता स्वस्तातलं नको.

पहिला महिना पश्चात्तापात गेला. कापड पुठ्ठ्यासारखं कडक, कोपराच्या आतल्या बाजूला घासून लाल व्हायचं. माझी उंची १५८ सेंटिमीटर, साइझ १६० घेतला. पहिल्याच धुण्यात आटला. थंड पाण्यात धुतला होता, तरीही. तुम्ही घेणार असाल तर एक साइझ मोठाच घ्या, बाही लांब झाली तर शिंप्याकडून कमी करून घ्या. स्पर्धेत बाही दुमडलेली चालत नाही आणि ती मनगटाच्या पुढेही येऊ द्यायची नसते. पावसाळ्यात हा गी वाळायला दोन दिवस लागतात.

तिसऱ्या महिन्यात मत बदललं. कापड मऊ झालं, पण त्याचा आवाज गेला नाही. ग्याकु झुकी, म्हणजे मागच्या हाताचा ठोसा, नीट बसला की बाही फटकन वाजते, हात अर्धवट थांबला तर वाजत नाही. आमचे सर मागच्या रांगेतल्यांचीही चूक आवाजावरून ओळखतात. तेवढ्यासाठी मी पैसे वसूल मानले होते.

आणि सातव्या महिन्यात पँट पुन्हा तिथेच गेली. या वेळी कापड फाटलं नाही, शिवण उसवली. दुकानात घेऊन गेले तर म्हणाले, कपड्याला वॉरंटी नसते, तुम्ही सराव जास्त केलात. किक मारायला विकलेल्या कपड्यात किक मारल्याबद्दल हे ऐकून घ्यायचं? तीन फेऱ्या मारल्या, दोन मेल लिहिले. उत्तर नाही.

शेवटी गल्लीतल्या टेलरकाकांकडे गेले. त्यांनी पँट उलटी केली आणि विचारलं, "ताई, मियानी एवढीशी कशी?" दोन पायांच्या सांध्यात घालतात तो चौकोनी तुकडा म्हणजे मियानी. जुन्या ढगळ पायजम्यांना असायचीच. काकांनी बोटाने ओढून दाखवलं. तो तुकडा टोकावर उभा करून बसवला की ताण उरेब, म्हणजे तिरका, येतो. सुती कापड उभं-आडवं ताणलं तर हटत नाही, उरेब ताणलं तर थोडं सैल पडतं, आणि पाय वर जायला तेवढं पुरतं. माझ्या गीत तुकडा होता, पण तळहाताएवढा, आणि एकेरी शिवणीचा.

तेव्हापासून मी दुसरं काही बघतच नाही, दुकानात गेले की आधी पँट उलटी करते. या कपड्यांचा इतिहासही मला आता तसाच दिसतो. ज्युदोचे जनक जिगोरो कानोंनी १८८२ साली कोदोकान ही शाळा सुरू केली तेव्हा ज्युदोच्या पोशाखाची पँट आखूड होती. पडून, घासटून कळलं म्हणून १९०७ च्या सुमारास ती लांब झाली. कराटेचे गुरू फुनाकोशी १९२२ मध्ये ओकिनावाहून टोकियोला आले, आणि तो पोशाख हलका होऊन कराटेत आला. माइक डिलर्ड हा स्वतः कराटे खेळणारा माणूस. त्याने १९७६ साली ओक्लाहोमात सेंच्युरी ही कराटेसारख्या खेळांच्या सामानाची कंपनी काढली. तिनेच पुढे कराटेपटू आणि अभिनेता चक नॉरिसच्या नावाची ॲक्शन जीन्स विकली. जाहिरातीत तो जीन्स घालून उंच किक मारतोय, आणि सगळी करामत आसनात लपवलेल्या तुकड्याची! अमेरिकेत लेव्हाइसच्या जीन्स शंभर वर्षं खपत होत्या, पण किक मारणाऱ्यासाठी तो तुकडा घालायला किक मारणारेच लागले. कापड कुठे जातं हे ज्याचं गेलंय त्याला माहीत असतं. माझा गी शिवणाऱ्याने कधी पाय छातीच्या वर नेला असेल असं मला वाटत नाही.

काकांनी मीटरभर कॅनव्हास आणायला सांगितलं, तेही आधी दोनदा धुऊन. वीतभर चौकोन कापला, जीन्सच्या दोऱ्याने दुहेरी शिवण मारली. कापडाचे दीडशे, शिलाईचे दोनशे. पाच आठवडे झाले, आठवड्याला चार दिवस सराव आहे, एक टाका हललेला नाही.

वरचा जॅकेट उत्तम आहे, त्याला पाचापैकी पाच. पँटला दोन, आणि त्यातला एक नाडीसाठी, ती इलॅस्टिकपेक्षा कधीही बरी. दिवाळीत मुलीला गी घ्यायचा आहे. आठ औंसांचा घेईन, एक साइझ मोठा, दोनदा धुईन आणि तिने अंगात घालायच्या आधी काकांकडे नेईन.