जुनं गोवं की कोची-कोट्टयम? विदर्भातून निघणाऱ्यांसाठी

सोयाबीन घरात आलं आणि कपाशीची पहिली वेचणी झाली की दिवाळीनंतर पाच-सहा दिवस हाताशी राहतात. तेवढ्यात देशातली जुनी चर्च पाहायची तर आपल्याकडून दोन वाटा धरण्यासारख्या आहेत: जुनं गोवं, नाहीतर कोची-कोट्टयम. वसईही आहे, पण ती मुंबईच्या कामाला जोडून होऊन जाते, तिच्यासाठी वेगळी सुट्टी नको.

प्रवासात फारसा फरक नाही. नागपूर-बल्लारशाहकडच्यांना केरळ एक्सप्रेस सोयीची, ती एर्णाकुलमवरून थेट कोट्टयमला नेते. वर्धा-बडनेरा-अकोल्याकडच्यांना नागपूर-मडगाव विशेष गाडी. ही मुदतवाढीवर चालते, म्हणून सुट्टीचा अर्ज टाकण्याआधी त्या महिन्यात ती आहे का ते बघून घ्या. दोन्हीकडे एक रात्र आणि निदान अख्खा दिवस गाडीत जातो, तेव्हा भाकऱ्या दोन दिवस टिकतील अशाच बांधा. गोव्याच्या बाबतीत एक चूक हमखास होते: मडगाव म्हणजे जुनं गोवं नव्हे. जुन्या गोव्याला करमळी स्टेशन जवळचं. तिथे थांबणारी गाडी मिळाली नाही तर मडगावहून पणजी, आणि पणजीच्या कदंब स्टँडवरून बस. दहाएक किलोमीटरचं अंतर.

खरं सांगायचं तर नुसतं काय पाहायला मिळतं एवढंच मोजलं तर केरळचं पारडं जड आहे. फोर्ट कोचीत सेंट फ्रान्सिस चर्च आहे, १५०३ सालच्या लाकडी चर्चच्या जागी उभं राहिलेलं. वास्को द गामा १५२४ मध्ये कोचीत वारला तेव्हा त्याला इथेच पुरलं. अवशेष पुढे पोर्तुगालला नेले, पण थडग्याची फरशी जागेवर आहे. वर बघायला विसरू नका. छताखाली कापडी पंखे टांगलेले आहेत, त्यांच्या दोऱ्या भिंतीतून बाहेर जातात आणि तिथे बसलेला माणूस त्या ओढत असे. पण केरळची खरी श्रीमंती कोट्टयमला. तिथल्या वलिय पळ्ळीत, म्हणजे मोठ्या चर्चमध्ये, वेदीच्या दोन बाजूंना पहलवी, म्हणजे जुन्या इराणी लिपीतली अक्षरं कोरलेले दोन जुने दगडी क्रूस आहेत. जवळच्याच चेरिय पळ्ळीत, म्हणजे १५७९ च्या धाकट्या चर्चमध्ये, वेदीच्या वर आणि भिंतींवर वनस्पतिजन्य रंगांतली चित्रं. अंगणात क्रूस, आत पितळी समई. पोर्तुगीज येण्याच्या कितीतरी आधीपासूनचा हा ख्रिस्ती समाज. गोव्यात हे काही दिसणार नाही.

मग अडतं कुठे? कुलपाशी.

कोट्टयमच्या बाजूची ही चर्च म्हणजे गावकीची देवस्थानं. सकाळी लवकर कुर्बाना, म्हणजे तिथली सामूहिक उपासना, होतो, आठच्या सुमारास लोक पांगतात आणि दाराला कुलूप लागतं. ते उघडतं संध्याकाळी. मधल्या वेळात किल्ली कप्यारकडे, म्हणजे चर्चची देखभाल करणाऱ्याकडे असते. तो भला माणूस असतो, पण जेवायला घरी गेलेला असतो आणि आपली हिंदी त्याच्या फार उपयोगाची नसते. एकदा कुलूप भेटलं तर चालून जातं. पण ही ठिकाणं विखुरलेली आहेत. फोर्ट कोची ते कोट्टयम सत्तरेक किलोमीटर. कडुत्तुरुत्ती वाटेत, कुरविलंगाड थोडं आडबाजूला, चंपाकुळम पार पंबा नदीच्या काठाला. तीन ठिकाणी बंद दार पाहून परतलं की गाडीभाडंही गेलं आणि दिवसही. सोबत म्हातारी आई आणि दोन पोरं असतील तर दुसऱ्या कुलपाशीच घरचे बोलायला लागतात. एकट्याने, आठवडा हातात ठेवून जाणाऱ्याचं गणित कदाचित वेगळं असेल.

जुन्या गोव्यात हा घोर नाही. मुख्य वास्तू पुरातत्त्व खात्याच्या देखरेखीखाली आहेत, दिवसभर उघड्या असतात आणि एका हाकेच्या अंतरात आहेत. रविवारी सकाळी मात्र मिस्सा, म्हणजे चर्चमधली उपासना, चालू असते, त्या वेळी पर्यटकांनी आत फिरू नये. शुक्रवारही टाळलेला बरा, कारण सेंट फ्रान्सिस असिसी चर्चला लागून असलेलं संग्रहालय त्या दिवशी बंद.

सुरुवात से कॅथेड्रलपासून करा. दर्शनी बाजू पूर्वेकडे आहे, त्यामुळे सकाळचं ऊन तिच्यावर पडतं. १५६२ ला काम सुरू झालं आणि पुढच्या, सतराव्या शतकापर्यंत चाललं. बुरूज एकच दिसतो, तो आराखडा नव्हे. दुसरा १७७६ मध्ये कोसळला. उरलेल्यात सोन्याची घंटा म्हणतात ती मोठी घंटा आहे. मग रस्ता ओलांडून बॉम जेझू चर्चला या आणि आत घुसण्याआधी भिंतीला नाक लावून उभे राहा. जांभा दगड उघडा पडलाय, भोकाभोकांचा, कडा झिजलेल्या. मुळात यावर चुन्याचा गिलावा होता, तो १९५० च्या दशकात काढला. जांभा पाणी पितो आणि गोव्याचा पाऊस काही आपल्यासारखा रुसत नाही. धाब्याच्या घरावर दरसाल पांढऱ्या मातीचा थर का चढवतात हे ज्याला ठाऊक आहे, त्याला हे समजवावं लागणार नाही. समोरचं गिलावा असलेलं से आणि हे, दोन्ही एका नजरेत बघायला मिळतात.

आत सेंट फ्रान्सिस झेवियरचे अवशेष चांदीच्या पेटीत उंचावर आहेत, लांबूनच दिसतात. दर दहा वर्षांनी ते खाली आणतात. शेवटचं दर्शन ५ जानेवारी २०२५ ला संपलं, तेव्हा त्यासाठी थांबायचं तर २०३४ पर्यंत थांबा. ३ डिसेंबरचा सण आणि त्याआधीचे नऊ दिवस गर्दीचे. भाविक असाल तर जरूर त्याच दिवसांत जा, वास्तू बघायची असेल तर आठवडाभर उशिरा.

सेंट ऑगस्टिनचा पडका मनोरा शेवटी ठेवा. टेकडीवर सावली अशी नाहीच, पाणी बरोबर घ्या. मूळ उंची ४६ मीटर. १८३५ मध्ये मठ ओस पडला, १८४२ मध्ये छत कोसळलं, १९३१ मध्ये मनोऱ्याचा अर्धा भाग गेला. बंद पडलेल्या जिनिंगच्या भिंती पाहिलेल्या माणसाला इथे वेळ लागतो, घाई करू नका.

गोव्याची रडगाणीही आहेत. सहलीच्या बसगाड्या अकराला येतात आणि पुढचे दोन तास फोटोवाल्यांचे. आठ-साडेआठला पोचलात तर त्या येईपर्यंत तुमचं से आणि बॉम जेझू उरकलेलं असतं. आपल्या सवयीने लोक दाराशी चपला काढून ठेवतात. गोव्यात त्याची गरज नाही, डोक्यावरची टोपी किंवा दुपट्टा तेवढा पुरुषांनी काढायचा. खांदे-गुडघे झाकलेले हवेत. केरळच्या जुन्या सिरियन, म्हणजे कोट्टयमकडच्या, चर्चमध्ये मात्र चपला बाहेरच.

आणि एवढं वाचूनही कोट्टयमच ठरवलं असेल तर मुक्काम कोट्टयमलाच करा, कोचीला नको. पहाटे उठा, कुर्बाना संपायच्या आत वलिय पळ्ळीत पोचा, मागे गप उभे राहा आणि लोक निघाले की कप्यारने किल्ली फिरवण्याआधी क्रूस बघून घ्या. चेरिय पळ्ळी त्याच दिवशी संध्याकाळी.