घरी केलेले जिग आणि आमची चारशेसात: एक पावसाळा काढल्यानंतरचा अनुभव

आमच्या जुन्या टाटा चारशेसात या छोट्या ट्रकच्या हौद्यातल्या (माल ठेवायच्या मागच्या भागातल्या) फळ्या बदलायला आल्या होत्या. ओलं शेणखत, उसाचं बियाणं, गुळाच्या ढेपा आणि राधानगरीकडचा पाऊस, एवढं सगळं सोसलं की कोणतंही लाकूड कधीतरी हात टेकतंच. गाडी बॉडीवाल्याकडे न लावता हे काम घरच्या शेडमध्येच करायचं मी ठरवलं आणि फळ्यांना हात लावण्याआधी जिग करून घेतले. हत्यार किंवा लाकूड दर वेळी त्याच जागी, त्याच कोनात धरून ठेवणारा साचा म्हणजे जिग. उन्हाळ्यात केलेले हे जिग पावसाळाभर हौद्यासाठी आणि गाडीच्या खालच्या कामांसाठीही वापरले. घरी टेम्पो किंवा ट्रक असलेल्यांना उपयोग होईल म्हणून लिहितोय.

निकाल आधीच सांगतो. सर्क्युलर सॉ (गोल पात्याची विजेची करवत) सरळ चालवायची पट्टी, भोकाचा जिग आणि ऑइल सील (चाकाच्या हबमधलं ग्रीस बाहेर येऊ न देणारी रबरी कडी) बसवायचा लाकडी गोल या तीन गोष्टींशिवाय आता मी काम करणार नाही. उटी (उभ्या गाडीच्या चाकाला लावायची पाचर) कापायचा साचा एकदाच लागला, पण त्यातून निघालेल्या उट्या रोज वापरात आहेत. पॉकेट होल जिग मात्र गाडीच्या कामाला निरुपयोगी आहे. तिरप्या स्क्रूचा तो सांधा घरातल्या कपाटाला ठीक, पण हौदा रस्त्यावर सतत थरथरतो आणि त्यात स्क्रू सैल होत जातात. हौद्याला आरपार बोल्टच हवा.

सॉची पट्टी करायला अगदी सोपी आहे. खाली ६ मिलिमीटरचा प्लाय, त्यावर १२ मिलिमीटरच्या प्लायची सरळ पट्टी चिकटवायची. त्या पट्टीसाठी प्लायच्या अख्ख्या पाटीची कारखान्यातून आलेली कड वापरायची, कारण तेवढी सरळ कड हाताने काढणं अवघड. खालचा प्लाय मुद्दाम रुंद ठेवायचा आणि सॉ पट्टीला टेकवून एकदा टोकापासून टोकापर्यंत चालवायचा. सॉ स्वतःच जादा प्लाय कापून टाकतो आणि जी कड उरते ती नेमकी पात्याची रेघ असते. यापुढे खुणेवर ती कड ठेवली की काप तिथेच पडतो, वेगळं अंतर मोजावं लागत नाही. मात्र ही कड त्या सॉची आणि त्या जाडीच्या पात्याचीच. पातं बदलून जाड-पातळ बसवलं तर कड पुन्हा कापून घ्यावी लागते.

प्लाय निवडताना पैसे वाचवू नका. माझी पट्टी आयएस ७१० शिक्क्याच्या मरीन प्लायची आहे, ती जुलै-ऑगस्टच्या दमट हवेतही फुगली नाही. एमडीएफला (लाकडाचा भुसा दाबून केलेल्या पाटीला) पाण्याचा थेंब लागला की कड फुगते, आणि कड फुगली की जिग संपला. दुसरी काळजी ठेवण्याची. पट्टी भिंतीला तिरपी टेकवून ठेवली तर महिन्याभरात पोट काढते. वरच्या टोकाला भोक पाडून ती खिळ्याला उभी लटकवावी.

या पट्टीचा खरा तोटा लांबीचा आहे. प्लायची पाटी आठ फुटी आणि हौद्याची फळी दहा फुटी, त्यामुळे फळीची कड सरळ करताना पट्टी मध्येच सरकवावी लागते. पुढचा भाग लावताना आधीच्या कापाला कड चांगली हातभर भिडवून घेतली तर जोड दिसत नाही, पण त्यात वेळ जातो. लांब फळ्यांचंच काम जास्त असेल तर पट्टीऐवजी बारा फुटी अ‍ॅल्युमिनियमचा चौकोनी पाइप घ्या.

इथे एक गोष्ट कळकळीने सांगतो. आपल्याकडे फरशी कापायच्या चार इंची कटरला लाकडाचं पातं लावून काम करायची सर्रास पद्धत आहे. ते यंत्र मिनिटाला बारा-तेरा हजार फेरे घेतं, त्याचं कव्हर लाकडाच्या पात्यासाठी केलेलं नसतं, आणि ओल्या फळीत पातं अडकलं तर ते हाताकडे उसळतं. कितीही चांगली पट्टी लावली तरी हा धोका कमी होत नाही. दीड इंची फळीला १८५ मिलिमीटर पात्याचा सर्क्युलर सॉच घ्या. पट्टीखालचा ६ मिलिमीटर प्लाय वजा केला तरी त्याची खोली भरपूर पुरते.

आता भोकाचा जिग. माझ्या मते सगळ्या कामाचा जीव यात आहे. हौद्याच्या फळ्या खालच्या लोखंडी चॅनेलला कॅरेज बोल्टने बसतात आणि बोल्टचं गोल डोकं फळीच्या वर राहिलं तर पोतं फाटतं, खोरं अडकतं. म्हणून आधी डोक्यासाठी खड्डा आणि मग त्याच्या बरोबर मध्यावर आरपार भोक लागतं. हातातल्या ड्रिलने हे दोन्ही एका रेषेत आणणं कठीण, आणि भोक थोडं जरी तिरपं गेलं तरी खाली चॅनेलचं भोक चुकतं. माझ्या जिगमध्ये १८ मिलिमीटर प्लायच्या तुकड्यात २५ मिलिमीटरचं भोक आहे. तो फळीवर क्लॅम्पने आवळायचा आणि त्यातून २५ च्या बिटने ६ मिलिमीटर खोल खड्डा पाडायचा. मग त्याच भोकात बसणारी बाभळीची ठोकळ्यासारखी चकती घालायची. तिच्या मधोमध १० मिलिमीटरचं स्टीलचं ड्रिल बुश (बिटला सरळ धरणारी नळी) ठोकलेलं आहे. चकती चांगली ४० मिलिमीटर उंच आहे, त्यामुळे बिटला डुलायला जागाच मिळत नाही आणि भोक सरळ खाली उतरतं. बुश कोल्हापूरच्या उद्यमनगरात मिळालं. मुंबईकरांना नागदेवी स्ट्रीटवर मिळेल. नुसत्या लाकडातल्या भोकावर काम भागवू नका. ड्रिलचं बिट थोड्याच भोकांत ते रुंद करून टाकतं आणि मग जिगचा नेमकेपणा जातो.

जुनी बॉडी ज्या कुणी बांधली त्याने चॅनेलची भोकं डोळ्याच्या अंदाजाने पाडली होती. कुठे अंतर जास्त, कुठे कमी. अशा ठिकाणी टेपने मोजत बसण्यात अर्थ नाही. मी प्लायची एक लांब पट्टी चॅनेलवर खालून धरली, प्रत्येक भोकातून खडूने खूण पाडली आणि ती पट्टी फळीवर ठेवून खुणा उतरवल्या. आकडा कुठेच लिहिला नाही, तरी सगळे बोल्ट हाताने आत गेले. दोन फळ्यांमध्ये ६ मिलिमीटर प्लायचे तुकडे घालून फट सारखी राखली. त्या फटींतून हौदा धुतलेलं पाणी निघून जातं आणि पावसाळ्यात लाकूड फुगलं तरी फळ्या एकमेकींना रेटत नाहीत.

फळ्यांचं लाकूड ऐनाचं घेतलं. सागवान टिकतं यात शंका नाही, पण मालवाहू हौद्यात ते घालणं परवडत नाही. बाभूळ कणखर, पूर्वी बैलगाडीच्या चाकांना तीच वापरत, पण दहा फुटी सरळ फळी तिच्यातून निघणं मुश्कील. ती मी उट्या, चकत्या, ठोकळे यांसाठी ठेवली. गावातल्या सुतारमामांना फळ्या दाखवल्या तेव्हा त्यांनी एकच गोष्ट बजावली: “लेका, आधी टोकं बंद कर. रंग मग मार.” फळी पाणी सगळ्यात जास्त पिते ती कापलेल्या टोकातून, कारण लाकडाच्या नळ्या तिथे उघड्या असतात. प्रत्येक टोकाला आणि प्रत्येक भोकाच्या आतून प्रायमरचे दोन हात दिले. पावसाळ्यानंतर फळ्या उचकून पाहिल्या नाहीत, पण खालून दिसणारी टोकं कोरडी आहेत आणि बोल्टभोवती काळे डाग नाहीत. बोल्ट गॅल्व्हनाइज्ड घेतले होते, त्याचाही हा गुण. साधं लोखंड ओल्या लाकडात गंजतं आणि लाकडातल्या टॅनिनने भोवती काळं पडतं.

उट्यांचं थोडं वेगळं सांगायला हवं. दादा माल घेऊन फोंडा घाटातून कोकणात उतरतो. घाटात बंद पडलेल्या गाडीच्या चाकाला दगड लावतात, गाडी दुरुस्त होऊन निघून जाते आणि दगड तिथेच राहतो. रात्री येणाऱ्या मोटारसायकलवाल्याला तो दिसत नाही. हे मला फार लागतं, म्हणून गाडीत कायम दोन उट्या असाव्यात असं ठरवलं. उटीची उंची टायरच्या उंचीच्या किमान पाव हवी. आमचं टायर साधारण ८० सेंटिमीटर उंच, म्हणून उटी २० सेंटिमीटरची. एवढा ठोकळा सॉने एका कापात निघत नाही. त्यामुळे पन्नास मिलिमीटर जाडीचे त्रिकोण प्लायच्या साच्याला टेकवून कापले, तीन-तीन एकत्र चिकटवले आणि आरपार बोल्ट मारले. लाकडाचे रेषे तळाला समांतर ठेवायचे, नाहीतर उटीचं नाक पहिल्याच दाबाला तुटतं. तळाला जुन्या टायरचं रबर ठोकलं आणि पाठीला दोरी बांधली. दोरीचं दुसरं टोक हौद्याच्या हुकला असतं, त्यामुळे उटी रस्त्यावर विसरून गाडी जाऊच शकत नाही.

चाकं उतरवून हब ग्रीस करायचं काम आम्ही घरीच करतो आणि तिथे तो लाकडी गोल कामाला आला. हबचं ऑइल सील हातोडीने थेट ठोकलं की एका बाजूने आधी उतरतं, कड वाकते, आतलं रबर दुमडतं, आणि थोड्याच दिवसांत ग्रीस ब्रेकच्या लायनिंगवर येतं. मग ब्रेक धरत नाही. सीलच्या बाहेरच्या मापापेक्षा २ मिलिमीटर लहान असा बाभळीचा गोल केला. जिगसॉने अंदाजे कापला, मध्यातून बोल्ट घालून ड्रिलच्या चकमध्ये धरला आणि कानसीने फिरता फिरता गोल केला. सीलच्या ओठाला ग्रीस लावायचं, सील जागेवर ठेवायचं, वर गोल ठेवून हातोडीने हलके फिरते ठोके द्यायचे. सील चहूबाजूंनी सारखं खाली जातं आणि पुरतं बसलं की ठोक्याचा आवाज बद्द होतो. पावसाळ्याआधी बसवलेली सीलं आता चाकं उतरवून पाहिली, ड्रम आतून कोरडे आहेत. मला सगळ्यात जास्त समाधान याच छोट्या तुकड्याने दिलं.

ड्रम उघडल्यावर आतली धूळ कॉम्प्रेसरने उडवू नका. जुन्या लायनिंगमध्ये अ‍ॅस्बेस्टॉस असू शकतं. ओल्या फडक्याने पुसा आणि तोंडाला पी १०० फिल्टरचा मास्क लावा, अ‍ॅस्बेस्टॉसला साधा एन ९५ पुरत नाही. बाभूळ घासतानाही मास्क हवा, तिचा भुसा नाकाला झोंबतो. ब्रेकचे सिलिंडर, पाइप, हवा काढणं ही कामं आम्ही फिटरकडेच देतो. घरी कितीही हौस असली तरी ती तिथेच व्हावीत असं माझं ठाम मत आहे.

बोल्टची पाटी हा जिग म्हणावा की नाही कळत नाही, पण करून ठेवा. सुट्या भागाला जशी भोकं असतात तशीच फळीच्या तुकड्यावर पाडायची आणि काढलेला बोल्ट त्याच जागी खोचायचा. लांब-आखूड बोल्ट मिसळत नाहीत.

लाकडाचे आडवे-उभे रचलेले ठोकळे मी गाडीखाली ठेवतो, पण लोखंडी घोड्यांच्या (गाडी पेलणाऱ्या स्टँडच्या) जोडीला. नुसत्या जॅकवर किंवा नुसत्या ठोकळ्यांवर गाडीखाली शिरायचं नाही. विटा आणि सिमेंटचे ब्लॉक तर अजिबात नकोत. लाकूड दबताना करकरतं, बाहेर पडायला वेळ देतं. ब्लॉक काहीही न सांगता फुटतो.

नव्या फळ्या टाकल्यावर महिन्याभराने सगळे नट पुन्हा ओढून घ्या. लाकूड बोल्टखाली थोडं दबतंच. आमचे बहुतेक नट पाव ते अर्धा फेरा पुढे गेले. नायलॉक नट (आत नायलॉनची कडी असलेले) असल्याने कुठला गळून पडला नाही, तरी तपासणी टाळू नका. आता फाळक्याचं काम काढलंय. बिजागऱ्यांच्या बोल्टसाठी तीच चकती १२ मिलिमीटरच्या बुशाने करायची आहे, आणि बुश आणून ठेवलंय.