बॉनेटला व्हेंट: रेडिएटरमागे की काचेजवळ?

बॉनेटला व्हेंट, म्हणजे इंजिनाकडची गरम हवा बाहेर सोडणारी भोकं, कसले घ्यायचे यावर लोक आठवडाभर डोकं खातात, जागा मात्र डोळ्याला बरी दिसेल ती धरतात. खरा फरक जागेनेच पडतो.

काचेजवळ व्हेंट झोकात दिसतात. पण गाडी धावताना काचेच्या पायथ्याशी हवा अडते, दाब वाढतो. म्हणून तर केबिनची हवाही तिथूनच घेतात. तिथे भोक पाडलं तर गरम हवा निघायच्या ऐवजी बाहेरचीच आत घुसू शकते. गाडी उभी असताना उष्णता वर निघून जाते, एवढीच काय ती जमेची बाजू.

रेडिएटरच्या जरा मागे उलट आहे. तिथे बॉनेटवर दाब कमी असतो, त्यामुळे आतली हवा वर ओढली जाते. मी डोळे झाकून हीच जागा निवडेन. अडचण बॉनेटला आतून मजबुती देणाऱ्या पट्ट्यांची: त्या कापल्या की बॉनेट लिबलिबतं. म्हणून आधी पट्ट्या चुकवून खालून बारीक ड्रिल मारून खुणा वर आणा, मास्किंग टेप लावा, मगच जिगसॉ (पत्रा कापायची विजेवरची करवत) चालवा. कापलेली कड कानशीने घासून लगेच प्रायमर, नाहीतर पहिल्याच पावसात तांबेरा. आणि हो, व्हेंटमधून पावसाचं पाणी आत पडणार, तेव्हा खाली अल्टरनेटर (बॅटरी चार्ज करणारा जनरेटर) येत नाही ना, तेवढं बघा.